श्रीखंड घरी, ज्याच्या त्याच्या जिभेचं

विकतच्या श्रीखंडाला नावं ठेवायचं कारण नाही. पाहुणे दारात उभे असताना डबा उघडला की काम भागतं. पण त्या डब्यात सगळ्यांना एकच गोडी. घरात मात्र आजोबांना जायफळ पुढे हवं असतं, धाकटीला सुकामेवा दाताखाली आलेला चालत नाही, एकाला इतकं आंबटगोड हवं की जीभ जरा दचकली पाहिजे आणि एकजण साखर जपून खाणारा असतो. श्रीखंड घरी करण्यातलं सुख इथेच आहे. साखर पडेपर्यंत चक्का कुणाचाच नसतो. साखर घालताना तो तीन-चार वाट्यांत वेगळा काढला, तर प्रत्येकाला आपापलं श्रीखंड मिळतं आणि कष्ट एकाच घाण्याचे पडतात.

काम सोपं आहे, पण घाईचं नाही. हात लावायची वेळ सगळी मिळून दीड तास, बाकी नुसतं थांबणं. रविवारी दुपारी पानात वाढायचं असेल तर शुक्रवारी रात्री नऊला विरजण लावा. शनिवारी सकाळी दही फ्रिजमध्ये टाका, नऊच्या सुमारास टांगा, संध्याकाळी साखर मिसळा आणि झोपायच्या आधी पुरणयंत्रातून काढून ठेवा. रविवारी फक्त पुऱ्या तळायच्या. ज्या दिवशी खायचं त्याच दिवशी सकाळी चक्का टांगायला घेतला तर श्रीखंड पातळ होणार हे धरून चाला.

दूध आणि विरजण

एक लिटर दुधाचा साधारण 400 ते 450 ग्रॅम चक्का होतो आणि त्यात साखर पडली की पाऊण किलोच्या आसपास श्रीखंड. पाच-सहा माणसांना एका जेवणाला हे पुरतं. पुढची मापं याच हिशेबात आहेत. दहा माणसं असतील तर दोन लिटर घ्या, पण दही दोन भांड्यांत लावा आणि दोन फडक्यांत टांगा. मोठं गाठोडं मधून ओलं राहतं.

दूध म्हशीचं किंवा पिशवीवर फुल क्रीम लिहिलेलं घ्यावं. फुल क्रीममध्ये 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3 टक्के. टोन्ड दुधाचा चक्का पडतो, पण तो खडूसारखा कोरडा लागतो आणि आंबटपणा जास्त जाणवतो, कारण तो झाकायला स्निग्धांश नसतो. गायीचंच दूध वापरायचं असेल तर उकळी यायच्या आधी लिटरमागे दोन मोठे चमचे दूध पावडर मिसळा, दही घट्ट लागतं. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं असेल तर उत्तम. त्याला जाड साय येत नाही, म्हणून चक्क्यात लोण्याचे कण सापडत नाहीत.

दूध उकळल्यावर लगेच उतरवू नका. मंद आचेवर आणखी दहा मिनिटं ठेवा आणि तळ ढवळत राहा. या जादा तापवण्याने दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडून केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि दही पाणी धरून ठेवणारं, एकजीव लागतं. नुसती उकळी आलेल्या दुधाचं दही ठिसूळ होतं आणि टांगल्यावर त्यातला ऐवज पाण्याबरोबर वाहून जातो. नंतर दूध निवू द्या. मधूनमधून ढवळलंत तर साय धरत नाही. धरलीच तर काढून घ्या.

विरजण लावायचं ते दूध 40 ते 42 अंशांना असताना. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवा. ऊब स्पष्ट जाणवली पाहिजे आणि दहा आकडे मोजेपर्यंत बोट आत ठेवता आलं पाहिजे. लिटरला एक सपाट चमचा ताजं, गोडसर दही पुरे. तेही आधी वाटीभर दुधात फेटून मग सगळीकडे मिसळा. लवकर लागावं म्हणून चार चमचे दही टाकणं ही नेहमीची चूक. त्याने दही लवकर लागतं खरं, पण आंबटही लवकर होतं आणि पुढे तो आंबटपणा मारायला साखर वाढवत जावं लागतं. विरजणाचं दही आंबट असेल तर आदल्या दिवशी थोड्या दुधात ते एकदा लावून घ्या आणि त्या नव्या दह्याचं विरजण वापरा.

उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं, थंडीत आठ-दहा. भांडं हलवून बघत बसू नका. कडेने किंचित सुटलं आणि वरचा थर जागचा हलत नसला की लागलं. तिथेच थांबवायचं आणि तसंच फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवायचं. गार दही आवळून येतं, मग फडक्यातून पांढरा गाळ न येता स्वच्छ, हिरवट-पिवळं पाणी गळतं. विरजण लावायला मातीचं भांडं असेल तर उत्तमच, थोडं पाणी ते स्वतःच शोषून घेतं.

चमचा उचलल्यावर दह्याला लांबलचक तार आली तर ते दही श्रीखंडाला घेऊ नका. दूध फार कोमट असताना विरजण लावलं किंवा विरजणच तसलं असलं की असं होतं. ते फडक्यात पाणी सोडत नाही आणि दुसऱ्या दिवशीही चिकटच राहतं. कढी करून टाका.

टांगणं

फडकं मलमलचं किंवा जुन्या मऊ पंचाचं. साबणाचा वास नसलेलं हवं, कारण चक्का वास चटकन धरतो. वापरण्याआधी ते उकळत्या पाण्यातून काढून पिळून घ्या. ओल्या फडक्याला दही कमी चिकटतं. चाळणीवर फडकं पसरा, दही मोठ्या डावाने अलगद ठेवा, ढवळू नका. चार टोकं एकत्र करून सैलसर गाठ मारा आणि गाठोडं ओट्यावरच्या कडीला टांगा, खाली पातेलं.

पहिल्या दोन तासांत बरंचसं पाणी गळून जातं. तेव्हा गाठ सोडून पुन्हा आवळायची. आणि चार-पाच तासांनी एक काम जरूर करा, जे बहुतेक जण करत नाहीत. फडकं उघडा, कडेचा वाळलेला थर उलथन्याने सोडवून मधे आणा, मधला ओला भाग कडेला सारा आणि परत बांधा. हे केलं नाही तर बाहेरून कोरडा आणि पोटात ओला असा चक्का हाती येतो. वरून हात लावून तो झाला असं वाटतं, साखर घातल्यावर तो मधला भाग पाणी सोडतो.

हाताने पिळू नका. पिळलं की स्निग्धांश फडक्याच्या विणीत बसतो, भोकं बुजतात आणि पाणी आतच अडकतं. घाई असेल तर शेवटचे दोन तास चाळणीत ठेवून वर किलोभर वजन ठेवा, ते चालतं. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात दही बाहेर दोन तासच टांगा. नंतर चाळणीसकट पातेल्यावर ठेवून फ्रिजमध्ये ढकला, वरून झाकण घाला. थंडीत आठ तास, फ्रिजमध्ये दहा-बारा. बाहेर रात्रभर टांगलेला उन्हाळ्यातला चक्का सकाळी नाकाला झोंबतो.

झालेला चक्का ओळखायची खूण अशी. फडकं सोडवताना तो कडेने आपोआप सुटतो आणि त्याच्या अंगावर फडक्याची वीण उमटलेली दिसते, धागा न् धागा. चमचाभर घेऊन गोळी केली तर बोटं ओली होत नाहीत आणि गोळी आकार धरून राहते. पातेल्यात साधारण अर्धा लिटर पाणी जमलेलं असेल. ते फेकू नका, पुरीला लागणार आहे.

आता चाखून बघा. चक्का जास्तच आंबट वाटला तर फडक्यातच त्यावर कपभर बर्फाचं पाणी घालून अलगद कालवा आणि दोन-तीन तास पुन्हा टांगा. आंबटपणा पाण्याबरोबर बराचसा निघून जातो. चव थोडी सपाट होते, पण श्रीखंड वाचतं. सोडा घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, साबणाची चव येते.

साखर

जुनं प्रमाण वजनाला वजन, म्हणजे जितका चक्का तितकी साखर. म्हणजे पानातलं निम्मं श्रीखंड साखरच असतं. हे प्रमाण आंबट चक्क्यासाठी आणि फ्रिज नसलेल्या घरांसाठी ठीक होतं, कारण जास्त साखरेत ते टिकायचं. घरी लावलेल्या गोडसर दह्याला आमच्या मते 75 टक्के पुरते, 450 ग्रॅमला सुमारे 340 ग्रॅम. 60 टक्क्यांना आंबटगोड होतं. 50च्या खाली गेलात तर ते श्रीखंड न राहता गोड चक्का लागतो. वजनकाटा वापरा. वाटीने मोजलेली पिठीसाखर आणि वाटीने मोजलेली दाणेदार साखर यांत बराच फरक पडतो.

साधी साखर घरीच मिक्सरमध्ये दळून घ्या. विकतच्या काही पिठीसाखरेत गोळे होऊ नयेत म्हणून कॉर्नफ्लोअर असतं आणि त्याचा पिठूळपणा श्रीखंडात कळतो. दळताना त्यातच वेलची टाका, सोलायची तसदी वाचते. फक्त नंतर सालांसाठी चाळून घ्या. चक्का परातीत घेऊन तळहाताने मळा, गुठळ्या मोडल्या की साखर तीन हप्त्यांत घाला आणि चिमूटभर मीठ टाका. मिठाने गोडी उठून येते. साखर पडताच चक्का सैल होतो, चकचकीत दिसायला लागतो. घाबरू नका. साखर चक्क्यातलं पाणी ओढून स्वतः विरघळते, म्हणून हे होतंच. झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. साखर पुरती विरघळली की मगच पुरणयंत्र.

पुरणयंत्राला सगळ्यात बारीक जाळी लावा. ते नसेल तर पिठाची चाळणी उलटी धरून डावाच्या पाठीने घासा. एकदा काढलेलं बरं लागतं, दोनदा काढलेलं रेशमी. यात मनगट दुखतं, पण पर्याय नाही. मिक्सर हा पर्याय नव्हे. पात्याच्या वेगाने दह्याची घडण तुटते, धरून ठेवलेलं पाणी सुटतं, मोटारच्या उष्णतेने लोणी वेगळं होतं आणि पाच सेकंदांत घट्ट चक्क्याची लस्सी होते. घरात लहान मूल असेल तर त्याला यंत्राच्या दांड्याशी उभं करा. मोबदला म्हणून जाळी चाटायला द्या, श्रीखंडाचा पहिला घास हाच असतो.

केशर, वेलची, जायफळ

450 ग्रॅम चक्क्याला 25-30 काड्या केशर भरपूर. तवा गरम करून गॅस बंद करा, त्यावर कागदात केशर अर्धा मिनिट ठेवा. काड्या कुरकुरीत होतात, मग चिमूटभर साखरेबरोबर खलात कुटा आणि दोन चमचे कोमट दुधात किमान वीस मिनिटं भिजवा. दूध उकळतं नको, गंध उडून जातो. आणि दोन चमच्यांपेक्षा जास्तही नको, नाहीतर आठ तास टांगून काढलेलं पाणी तुम्ही परत घालत आहात. रंग लगेच फिकट वाटला तरी काड्या वाढवू नका. रात्रभरात तो गडद होतो, सकाळी ढवळताना वाटीत एकेका काडीभोवती नारिंगी वलय पसरलेलं दिसतं. केशराची पारख: काडी पाण्यात टाका. अस्सल काडी हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. टाकताक्षणी पाणी लाल आणि काडी पांढरी झाली तर ते केशर नाही.

वेलची सहा-सात, जायफळ किसणीवर चार-पाच घासे, म्हणजे पाव चमच्याच्याही निम्मं. जायफळाचा हात सैल सुटला तर कडवट लागतं. केशर आणि वेलची दोन्ही भरभरून घालण्यात अर्थ नाही, वेलची केशराला झाकून टाकते. केशराचं श्रीखंड करायचं तर वेलची निम्म्यावर आणा.

चारोळी आणण्याआधी दुकानात दोन दाणे चावा. ती लवकर खवट होते आणि एक चमचा खवट चारोळी अख्ख्या घाण्याची चव बिघडवते. पिस्ते गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून साल काढा, काप करा, पुसून कोरडे झाल्यावर घाला. बदामाचंही तसंच. सगळा सुकामेवा वाढताना वरून. आत मिसळून ठेवलेला मऊ पडतो आणि लहान मुलांना काढून टाकत बसावं लागतं. फार लहान मुलांच्या वाटीत अख्खे किंवा जाड तुकडे नकोतच, घशात अडकतात.

वाट्या वेगळ्या करताना

चक्का साखरेआधी मळून एकसारखा करा आणि वजनावर तीन भाग पाडा, 150 ग्रॅमचा एकेक. आंबटगोडवाल्यांच्या भागात 90 ग्रॅम साखर आणि नुसती वेलची. नेहमीच्या भागात 110 ग्रॅम, केशर, जायफळ. तिसऱ्याचं मुलांसाठी आम्रखंड, 70 ग्रॅम साखर आणि 50 ग्रॅम आटवलेला आमरस. पुरणयंत्रातून काढताना क्रम पाळा: आधी साधं, मग केशराचं, शेवटी आंब्याचं. मग मधे यंत्र धुवावं लागत नाही. डब्यांवर नाव लिहून चिकटवा. नाव पाहून डबा उघडणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो आणि एकमेकांच्या डब्यात चमचे घालून होणारी भांडणंही.

साखर जपणाऱ्यांसाठी कृत्रिम गोडीची पावडर घालून बघतात. त्यात एक अडचण आहे. साखर नुसती गोडी देत नाही, ती चक्क्याला सैल आणि लुसलुशीतही करते. ती नसली तर श्रीखंड लिंपल्यासारखं घट्ट राहतं. असा भाग करायचा असेल तर तेवढा चक्का पाच-सहा तासांतच उतरवून घ्या, म्हणजे त्यात थोडं पाणी राहील. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करा आणि चाखत जा. आमचं मत विचाराल तर 60 टक्क्यांचंच श्रीखंड छोट्या वाटीत द्यावं. किती चालतं ते खाणाऱ्याला आणि त्याच्या डॉक्टरला ठाऊक असतं. आग्रह करू नये, एवढंच. गूळ घातलात तर रंग मातकट होतो आणि चव सगळी गुळाची येते. ज्यांना आवडते त्यांनी बारीक किसलेला, कोरडा गूळच घ्यावा.

आम्रखंड

आम्रखंड बिघडतं ते एकाच कारणाने. कच्चा आमरस थेट चक्क्यात ओतला जातो. रसात पाणीच जास्त, त्यात साखरेने सुटलेलं पाणी, मग वाटीत ते वाहायला लागतं. दोन मध्यम हापूसचा साधारण 250 ग्रॅम गर निघतो. तो गाळून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळत 150 ग्रॅमपर्यंत आटवा. बारा-पंधरा मिनिटं लागतात. कढईत कालथ्याने रेघ ओढली आणि ती दोन सेकंद टिकली की बस. पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यात. 450 ग्रॅम चक्क्याला हा सगळा गर आणि 200 ते 220 ग्रॅम साखर. आंबा किती गोड आहे ते बघून शेवटचे 20 ग्रॅम हातात राखा. केशर इथे वाया जातं. वेलची चालते, तीही थोडी.

पाडव्याला हापूस नुकता यायला लागलेला असतो, महाग आणि पुष्कळदा अर्धवट पिकलेला. त्यामुळे पाडव्याला साधं श्रीखंड आणि अक्षय्यतृतीयेला आम्रखंड ही जुनी वाटणी शहाणपणाची आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण गाड्यावरच्या पेटीवर काय लिहिलंय यापेक्षा देठाशी वास घ्या. वास नसेल तर आटवूनही चव येणार नाही. डब्यातला पल्प वापरलात तर त्यात बहुधा साखर असते, म्हणून आटवून चाखा आणि मग साखर ठरवा.

स्ट्रॉबेरीही अशीच आटवून घालता येते. अननस मात्र कच्चा घालू नका. त्यातलं विकर (एन्झाइम) दुधाची प्रथिनं तोडतं आणि तासाभरात श्रीखंड कडू व पाणीदार होतं. साखरेत शिजवून घेतला की ती भीती नाही.

बिघडलं तर

पातळ झालं असेल तर आधी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बघा. स्निग्धांश गोठला की निम्मी तक्रार मिटते. तरी पातळच असेल तर दुसऱ्या दह्याचा 100 ग्रॅम चक्का करून मिसळा. साखर घातलेलं श्रीखंड परत टांगू नका, साखर आणि केशर दोन्ही गळून जातात. दाणेदार लागतंय? साखर विरघळायच्या आधीच यंत्रातून काढलं असेल किंवा दूध फार गरम असताना विरजण लावलं असेल. पहिल्या कारणावर तासभर थांबून पुन्हा यंत्रातून काढणं हा उपाय आहे. दुसऱ्यावर एक-दोन चमचे फेटलेली ताजी साय आणि बारीक चाळणी, तरी पुरतं सुधारत नाही. दातात लोण्याचे बारीक कण येत असतील तर ते सायीचे. चाळणीतून काढताना वर राहतात, तेवढे उचलून टाका.

विकतचा चक्का आणणार असाल तर तो बहुतेक वेळा घरच्यापेक्षा आंबट आणि ओला असतो. सणाच्या आदल्या दिवशी डेअरीत रांग लागलेली असते आणि पुरेसा न टांगताच विकला जातो. घरी आणून आणखी दोन तास फडक्यात ठेवा, मगच वजन करा आणि साखर 85-90 टक्के धरा.

परदेशात राहणाऱ्यांना दूध विरजण्याचा खटाटोप नको असेल तर पूर्ण स्निग्धांशाचं ग्रीक योगर्ट चार-पाच तास फडक्यात ठेवलं की चक्का तयार. डब्यावरची यादी वाचा. त्यात फक्त दूध आणि विरजण हवं. जिलेटिन, पेक्टिन किंवा स्टार्च असलेलं योगर्ट पाणी सोडतच नाही. शून्य टक्केवालं घेऊ नका. 5 टक्क्यांचं मिळालं तर किलोमागे दोन-तीन मोठे चमचे सावर क्रीम मिसळतात, तोंडात भरीवपणा येतो.

पुऱ्या, डबे आणि उरलेलं

पुरीला 250 ग्रॅम कणीक, एक मोठा चमचा बारीक रवा, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ भिजवायला चक्क्याचं पाणी, 110 ते 120 मिली. ते फार आंबट असेल तर निम्मं साधं पाणी. पीठ घट्टच हवं, वीस मिनिटं झाकून ठेवा. वीस-बावीस छोट्या पुऱ्या होतात. या पाण्यात दुधातली साखर असल्याने पुऱ्या लवकर लाल होतात, तेव्हा तेल नेहमीपेक्षा किंचित कमी तापवा. लाटताना पीठ लावू नका, तेलाचं बोट लावा, नाहीतर तळाशी पीठ जळून तेल काळं पडतं.

श्रीखंड फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी वाढा. एकदम गार असताना गोडी आणि केशर दोन्ही कमी कळतात. कुणाकडे न्यायचं असेल तर आधी रात्रभर गार करा, स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरा म्हणजे डचमळत नाही, आणि डबा बर्फाच्या पिशव्यांबरोबर जाड टॉवेलात गुंडाळा. उन्हाळ्यात तीन-चार तासांचा प्रवास निभावतो. फ्रिजमध्ये साधं श्रीखंड पाच-सहा दिवस, आम्रखंड तीन-चार दिवस. दर वेळी कोरडा चमचा.

तळाशी उरलेलं किंवा पातळ झालेलं श्रीखंड पियुषसाठी राखा. 200 ग्रॅम श्रीखंडाला 400 मिली ताजं, गोड ताक, चिमूट जायफळ आणि चव बघून साखर. ताक रवीनेच घुसळा आणि श्रीखंड त्यात थोडं थोडं घालून एकजीव करा. तीन ग्लास होतात. तासभर गार करून प्यायला द्या, त्याच दिवशी संपवा.